सॉस घरी करा, मीठ आटोक्यात ठेवा

रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी करा म्हटले की हमखास उत्तर मिळते, "डॉक्टरसाहेब, वरून मीठ घेणे केव्हाच सोडले." पण घरात सोया सॉसची बाटली असते, त्याचे काय? नांदेड असो की लातूर, चायनीजच्या गाड्यांची चव आता घराघरांत पोहोचली आहे. या चवीबरोबर मीठही पोटात जाते.

मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा भरेल एवढेच मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नेहमीच्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात (१५ मि.ली.) सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते. म्हणजे निम्मा वाटा एका चमच्यातच संपला!

आपला भाग सोयाबीनचा. मग सोया सॉस घरीच का करू नये, असे काहीजण विचारतात. तो करू नये. शिजवलेले सोयाबीन व गहू यांवर ठराविक जातीची बुरशी वाढवून ते मिठाच्या पाण्यात काही महिने मुरवतात. घरी भलतीच बुरशी धरू शकते. काही बुरशींतून यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते.

त्याऐवजी विकतचा सोया सॉस थोडाच वापरून पुढील सॉस करावा. लिंबाएवढी चिंच अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून कोळ गाळून घ्यावा. त्यात सहा लसूण पाकळ्या व इंचभर आले वाटून घालावे. दोन चमचे गूळ, दोन चमचे भाजलेल्या तिळाचा कूट, थोडे लाल तिखट आणि एकच मोठा चमचा सोया सॉस घालावा. वेगळे मीठ नको. पाणी घालून पाच-सात मिनिटे उकळावे. साधारण कपभर सॉस होतो. त्याच्या एका मोठ्या चमच्यात पाव ग्रॅमहूनही कमी मीठ येते. लिंबू पिळून तो काकडी, कोबी, गाजराच्या कोशिंबिरीवर घ्यावा. पनीर किंवा चिकनला लावून मुरवायलाही चालतो.

काही पथ्ये मात्र पाळावीत. सॉस स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा व चार-पाच दिवसांत संपवावा. चिकन फ्रिजमध्येच मुरवावे, ओट्यावर नव्हे. वीज जाऊन फ्रिज चार तासांहून अधिक बंद राहिला, तर ते चिकन टाकून द्यावे. कच्च्या चिकनला लावलेला उरलेला सॉस कोशिंबिरीवर कधीही घेऊ नये.

मधुमेहींनी गूळ टाळावा. सोयाबीन किंवा तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा सॉस खाऊ नये. बाजारातून बाटली आणताना लेबलावरील सोडियमचा आकडा पाहावा. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते. जिभेला थोडी सवय लावली, तर आंबट-गोड चवीत मिठाची उणीव भासत नाही.