लॅपटॉपवर चहा सांडला तर...

संगणकाने गावोगावच्या कचेऱ्यांत प्रवेश केला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. सात-बाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी अनेक कामे आज संगणकाच्या पडद्यावर होतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला आहे. साहजिकच टेबलावरचा लॅपटॉप ही केवळ कर्मचाऱ्याच्या सोयीची वस्तू राहिलेली नाही. तो बंद पडला, तर दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे काम अडते.

जून महिन्यातील एखाद्या सेवा केंद्राचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. प्रवेशाचे दिवस आहेत. दाखल्यांसाठी विद्यार्थी आणि पालक रांगेत उभे आहेत. टेबलावर कागदांच्या गठ्ठ्याशेजारी चहाचा पेला ठेवलेला आहे. कोणाचा तरी हात लागतो आणि चहा लॅपटॉपच्या कळफलकावर सांडतो. अशा वेळी बहुतेक माणसे दोन गोष्टी करतात. रुमालाने कळफलक पुसतात आणि यंत्र चालते की नाही, हे पाहण्यासाठी त्याची कळ दाबतात. पडदा उजळलेला दिसला की संकट टळले असे वाटते आणि काम पुढे सुरू होते. दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप सुरू होत नाही. ही हानी बव्हंशी टाळता येते. त्यासाठी ती होते कशी, हे समजून घेतले पाहिजे.

हानी कशी होते?

पाणी लागले की विजेचे यंत्र बिघडते, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. अगदी शुद्ध पाणी विजेचे चांगले वाहक नसते. नळाच्या पाण्यात मात्र निरनिराळे क्षार विरघळलेले असतात आणि त्यांच्यामुळे पाण्यातून वीज वाहू शकते. चहात या क्षारांशिवाय दुधातील खनिजेही असतात.

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर अत्यंत बारीक तारा आणि जोड असतात. कित्येक ठिकाणी दोन जोडांमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. एका जोडावर विद्युत्दाब असतो, शेजारच्यावर नसतो. या दोहोंमध्ये द्रवाचा थेंब पोहोचला की वीज भलत्या मार्गाने वाहू लागते आणि नाजूक चिप क्षणात जळू शकते. हा झाला पहिला आघात.

दुसरा आघात सावकाश होतो. मुलामा देण्याच्या कारखान्यात विजेच्या साहाय्याने एका धातूचा थर दुसऱ्यावर चढवितात. ओल्या मदरबोर्डवर नेमकी हीच क्रिया नको तेथे घडू लागते. धन बाजूच्या जोडातील तांबे किंवा कथील द्रवात विरघळते आणि ऋण बाजूच्या जोडावर जाऊन साचते. हा साठा झाडाच्या फांद्यांप्रमाणे वाढत जातो आणि दोन्ही जोडांना जोडून टाकतो. दुसरीकडे, जेथून धातू निघून गेला तो जोड झिजून तुटतो. पाण्याचे विघटन होण्यास तत्त्वतः सव्वा व्होल्टच्या आसपासचा दाब पुरतो. लॅपटॉपमध्ये ३.३ व्होल्ट व ५ व्होल्टचे प्रवाह असतात आणि अनेक चार्जर १९ ते २० व्होल्ट दाबाने वीज पुरवितात. म्हणजे या क्रियेला लागणारी सारी सामग्री आत तयारच असते. तिला फक्त ओलावा हवा असतो.

यावरून मुख्य सूत्र निघते. यंत्र ओले असताना त्यात वीज असणे, हाच खरा धोका होय. पाणी आत गेले ही घटना आपल्या हातून निसटलेली असते. वीज तोडणे मात्र आपल्या हाती असते.

पहिले मिनिट

द्रव सांडताच प्रथम चार्जर बंद करावा. भिंतीवरील बटण बंद करून मगच चार्जरची पिन काढावी. भिंतीतील वीज २३० व्होल्टची असते. म्हणून ओल्या हाताने प्लगला किंवा चार्जरच्या भिजलेल्या भागाला स्पर्श करू नये.

त्यानंतर लॅपटॉपचे चालू-बंद करण्याचे बटण सलग दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे यंत्र सक्तीने बंद होते. नेहमीच्या पद्धतीने बंद करण्यात वेळ जातो. अर्धवट राहिलेला अर्ज जतन करण्यासाठीही थांबू नये. तो पुन्हा भरता येईल.

तिसरी गोष्ट बॅटरीची. जुन्या धाटणीच्या लॅपटॉपमध्ये तळाशी खटका असतो. तो सरकवून बॅटरी ताबडतोब बाहेर काढावी. नव्या लॅपटॉपमध्ये बॅटरी आत बसविलेली असते. यंत्र बंद दिसले, तरी मदरबोर्डच्या काही भागांना बॅटरीतून वीज मिळतच राहते. ज्याला हे काम येत असेल, त्याने स्क्रू काढून बॅटरीचा जोड सोडवावा. ज्याला येत नसेल, त्याने स्वतः प्रयोग न करता शक्य तितक्या लवकर तंत्रज्ञाकडे जावे.

माऊस, पेन ड्राइव्ह, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, प्रिंटरची तार असे जोडलेले सर्व काही काढून घ्यावे. टोकन भिजले असेल, तर तेही पूर्ण कोरडे होईपर्यंत दुसऱ्या संगणकाला लावू नये.

यंत्र हाताला असाधारण गरम लागले, फुगलेले दिसले, फसफस ऐकू आली किंवा धूर निघू लागला, तर हे सर्व सोडून खोलीतील माणसांना बाहेर न्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे. लिथियम-आयन बॅटरीची आग झपाट्याने वाढते आणि तिचा धूर विषारी असतो. यंत्र वाचविण्यासाठी कोणीही जीव धोक्यात घालू नये.

पुढील अर्धा तास

वीज तुटल्यावर द्रव बाहेर काढावयाचा. कोरडे सुती फडके कळफलकावर हलकेच टेकवून द्रव टिपून घ्यावा. घासून पुसल्यास तो कळांच्या फटींतून आणखी आत जातो. त्यानंतर लॅपटॉप पूर्ण उघडून कौलारू छपरासारखा पालथा ठेवावा. कळफलक खालच्या बाजूस येईल आणि खाली जाड फडके अंथरलेले असेल, असे पाहावे. द्रव ज्या वाटेने आत गेला, त्याच वाटेने तो बाहेर आला पाहिजे. यंत्र हलविणे, झटकणे किंवा वेडेवाकडे फिरविणे टाळावे. त्यामुळे कळफलकाखाली अडकलेला द्रव मदरबोर्डवर किंवा पडद्यात उतरतो.

काय सांडले आणि किती सांडले, हे लक्षात ठेवावे. तंत्रज्ञाला ते खरेखरे सांगणे फार उपयोगाचे ठरते. साध्या पाण्यापेक्षा साखर घातलेला दुधाचा चहा अधिक त्रासदायक असतो. पाणी उडून गेल्यावर साखर आणि दुधाचे घटक आतच राहतात. त्यांचा चिकट थर हवेतील ओलावा शोषून घेतो आणि झीज सुरूच राहते. शीतपेयांत साखरेच्या जोडीला आम्ल असते. सर्वांत घातक ते खारे पाणी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातून वीज सहज वाहते. कोकण किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वाळविण्याविषयीचे गैरसमज

भिजलेले यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवावे, हा उपाय घरोघर सांगितला जातो. तांदूळ बंद यंत्राच्या आतील पाणी ओढून घेत नाही. उलट त्याची भुकटी आणि कण फटींत जातात. अॅपल कंपनीने २०२४ मध्ये आपल्या भिजलेल्या फोनबाबत हा उपाय करू नये, असे ग्राहकांना स्पष्टपणे सांगितले. लॅपटॉपलाही तेच लागू पडते.

केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा मारणे हेही चूकच. तिच्या झोताने थेंब अधिक आत ढकलले जातात आणि उष्णतेने प्लॅस्टिकचे भाग वाकतात. कडक उन्हात ठेवल्यास बॅटरी व पडदा यांना अपाय होतो. पंख्याच्या साध्या वाऱ्यात, सावलीत, पालथ्या स्थितीत ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होय. पावसाळ्यात हवाच ओलसर असल्याने वाळण्यास अधिक वेळ लागतो, हेही विसरू नये.

तथापि वाळणे म्हणजे स्वच्छ होणे नव्हे. दोन दिवस वाळविलेला लॅपटॉप सुरू झाला, तरी आतील क्षार व साखर तेथेच असतात. तो काही आठवड्यांनी अकस्मात बंद पडण्याचे कारण बहुधा हेच असते. साध्या पाण्याचे चार थेंब कडेला पडले असतील, तर वाळविणे पुरेसे ठरू शकेल. चहा, दूध, सरबत किंवा पेलाभर पाणी आत गेले असेल, तर यंत्र उघडून साफ करवून घेणे आवश्यक आहे.

तंत्रज्ञाकडे काय व्हावे?

जाणकार तंत्रज्ञ प्रथम बॅटरी अलग करतो. मग मदरबोर्ड बाहेर काढून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश यांनी डागाळलेले जोड साफ करतो. हे अल्कोहोल पाण्यात मिसळते आणि लवकर उडून जाते. मात्र ते ज्वालाग्राही आहे. म्हणून बंद खोलीत किंवा ज्योतीजवळ ते वापरू नये. कळफलकाच्या प्लॅस्टिक पडद्यांमध्ये शिरलेला द्रव सहसा निघत नाही. त्यामुळे पुष्कळदा कळफलक बदलावा लागतो. हा खर्च मदरबोर्ड बदलण्याच्या मानाने पुष्कळच कमी असतो.

द्रवामुळे झालेला बिघाड सर्वसाधारण हमीत सहसा मोडत नाही. अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घेतलेले असल्यास ते मिळू शकते. म्हणून हमीचा काळ शिल्लक असेल, तर यंत्र उघडण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात. घडलेला प्रकार लपवू नये. अनेक यंत्रांत पाणी लागताच रंग बदलणारी छोटी चिकटपट्टी असते आणि तिच्यावरून तो कळतोच. कार्यालयाच्या लॅपटॉपबाबत तर वरिष्ठांना त्याच दिवशी कळविणे हिताचे असते. रागावले जाईल या भीतीने कर्मचारी गप्प राहतो आणि तोच लॅपटॉप पुन्हा सुरू करून पाहतो. त्यातून होणारे नुकसान सांडलेल्या चहाने केलेल्या नुकसानीहून मोठे असते.

यंत्रापेक्षा माहिती मोलाची

लॅपटॉप नवा घेता येतो. त्यात साठलेली नोंदवही, छायाचित्रे, विद्यार्थ्याचा प्रबंध पुन्हा मिळत नाही. मदरबोर्ड निकामी झाला, तरी साठवणुकीची डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते आणि ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. परंतु आता काही लॅपटॉपमध्ये ही साठवणूक मदरबोर्डलाच पक्की जोडलेली असते. शिवाय विंडोज ११ असलेल्या अनेक संगणकांत डिस्कवरील माहिती आपोआप कुलूपबंद होते. ती उघडण्यास ४८ अंकी किल्ली लागते. ही किल्ली आधीच लिहून वेगळ्या जागी ठेवली नसेल, तर चांगली डिस्कही कुलूप लागलेल्या तिजोरीसारखी हाती राहते.

यासाठी महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा साधा नियम सांगितला जातो. आठवड्यातला एक दिवस या कामासाठी नेमून दिला, तर त्यास फार वेळ लागत नाही.

आधीच घेतलेली काळजी

चहाची जागा संगणकाच्या टेबलापासून दूर ठरवावी. ते शक्य नसेल, तर झाकणाचा पेला वापरावा आणि तो लॅपटॉपच्या पातळीपेक्षा खाली ठेवावा. कळफलकावर पातळ सिलिकॉनचे आवरण घातल्यास थोडासा द्रव आत जात नाही. गळक्या छपराखाली किंवा पावसाची झड येणाऱ्या खिडकीजवळ टेबल मांडू नये. निकामी झालेला लॅपटॉप किंवा फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा व बॅटरी कचरा यांसाठी २०२२ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र नियम केले आहेत. त्यानुसार त्या वस्तू अधिकृत संकलन केंद्राकडेच द्याव्यात.

ज्या खोलीत संगणक आहे, त्या खोलीच्या भिंतीवर चार ओळींचा एक कागद लावून ठेवावा : वीज तोडा, पालथा ठेवा, सुरू करून पाहू नका, साफ करवून घ्या. यांपैकी तिसरी ओळ पाळणे सर्वांत कठीण असते, कारण रांगेतील माणसे वाट पाहत असतात. परंतु त्याच माणसांचे काम उद्या आणि परवाही त्याच यंत्रावर व्हावयाचे आहे. एका दिवसाचा खोळंबा पत्करला, तर पुढील कित्येक दिवसांचा खोळंबा टळतो.