लॅपटॉपचा उजेड हलत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद झाला, म्हणून बऱ्याच ताई लॅपटॉप विंडोज ११ वर नेतायत. त्यानंतर कधी कधी पडद्याचा उजेड कमी-जास्तच होत नाही. अंधुक पडद्यावर ३ चा ८ वाचला, की हप्त्याचा हिशोब चुकलाच! पारनेर-अकोल्याहून लॅपटॉप घेऊन नगरचं दुकान गाठण्याआधी एवढं करा. आणि उजेडासाठी कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका, गटाच्या नोंदी जातील.

विंडोज आणि ए ही बटणं एकत्र दाबा, सूर्याच्या चिन्हाची पट्टी सरकवा. पट्टी नसेल किंवा सरकवूनही फरक पडत नसेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि पडद्याच्या यंत्रणेतला दुभाषी. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात डिस्प्ले अडॅप्टर्स. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ एवढंच दिसलं, की चोर सापडला! लॅपटॉप कंपनीच्याच वेबसाइटवरून आपल्या मॉडेलचा विंडोज ११ साठीचा डिस्प्ले ड्रायव्हर उतरवून टाका, मग रिस्टार्ट.

चार्जर काढल्यावरच उजेड उतरत असेल, तर ती बॅटरी वाचवायची सोय आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत ती चालूच ठेवा.