नुसती सही

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गावात दर महिन्याला पगार येणारी घरं मोजकीच, त्यामुळे पतसंस्थेतून कर्ज काढणारा जो तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. 'गुरुजी, नुसती सही हवी. हप्ते मीच भरणार.' चहा व्हायचा आणि गुरुजी फॉर्म न वाचता सही करायचे. समोरच्यादेखत कागद वाचायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं त्यांचं मत. भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. तिचं कोण ऐकतो!

अशाच एका सहीचं टेम्पोचं कर्ज थकलं. कर्जदार गाव सोडून गेला, टेम्पो त्याआधीच परस्पर विकलेला. वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. 'आधी त्याला धरा, मग माझ्याकडे या,' असं ते पतसंस्थेत सांगत राहिले. हा समज आजही शिकल्यासवरल्या माणसांत भेटतो आणि तो साफ चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुली करून बघा, असं बंधन संस्थेवर नाही. मग ती पळून गेलेल्याच्या मागे कशाला धावेल? पगारदार तर घरीच सापडतो.

सहकारी संस्थेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. म्हणून चौकशीची नोटीस आली की ती घडी घालून कपाटात ठेवू नका, तारखेला हजर राहून म्हणणं लेखी द्या. कारण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

माझ्या मते सही मागायला आलेल्याला झेपेल तेवढे पैसे हातउसने द्यावेत. बुडाले तर तेवढेच बुडतात. नकार मात्र पहिल्या चहालाच द्यावा. 'बघू', 'घरात विचारतो' म्हटलं की समोरचा फॉर्म भरूनच आणतो.

सही करायचीच झाली, तर कोरे रकाने आधी भरायला लावा. जामीन ठरावीक रकमेपुरताच आहे असं करारात लिहून घ्यायचा आग्रह धरा. तारण काय आहे ते विचारा, कागदांची प्रत घ्या. हप्ते वेळेवर जातात का, हे अधूनमधून संस्थेतच जाऊन विचारा. कर्जदार सांगेल ते खरं धरू नका. घरातही सांगून ठेवा. जामीनदार वारला म्हणून थकलेली बाकी मिटत नाही, ती त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. कित्येक बायकांना नवऱ्याच्या सह्या तेव्हाच कळतात.

आणि भरावे लागलेच, तर प्रत्येक पावती जपा. भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क करार कायद्याचं कलम १४५ देतं, पण दावा पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. वडिलांनी तो लावलाच नाही. 'त्याच्या बापाला बाजारात कसं तोंड दाखवू?' असं म्हणता म्हणता मुदत टळली.