तेजस्वी तारे आणि चिमुकले उपग्रह

शब्बाथ संपताना आपण आकाशात तीन तारे शोधतो. जे साध्या डोळ्यांना दिसतात, त्यांची सर्व माहिती शास्त्रज्ञांना असणारच, असे आम्हांस वाटे. वस्तुस्थिती उलट आहे. मोठ्या दुर्बिणी अंधूक ताऱ्यांसाठी बांधलेल्या असतात. तेजस्वी तारा समोर आला की त्यांची प्रकाश मोजणारी यंत्रे दिपून जातात. शिवाय जमिनीवरून पाहताना हवेमुळे तारा लुकलुकतो, त्यामुळे त्याच्या तेजातील हजाराव्या हिश्श्याचा फरक मोजणे कठीण.

यावर ऑस्ट्रिया, पोलंड व कॅनडा यांनी 'ब्राइट' नावाचे उपग्रह योजले. प्रत्येक म्हणजे २० सेंटीमीटरचा चौकोनी डबा; वजन सुमारे ७ किलो आणि दुर्बिणीचे तोंड अवघे ३ सेंटीमीटर! पहिले दोन २५ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या जन्मभूमीतून, श्रीहरिकोटा येथून, भारतीय अग्निबाणाने वर गेले. २०१४ पर्यंत एकूण सहा सोडले. त्यांपैकी एक अग्निबाणापासून सुटलाच नाही. पाच कामास लागले.

मडके घेताना आमची आई टिचकी मारून ते पारखीत असे. तारेही कंप पावतात, आणि तेजाच्या त्या सूक्ष्म चढउतारांवरून त्यांचे अंतरंग कळते. या उपग्रहांनी प्रथम मृग नक्षत्र, म्हणजे ईयोबाच्या ग्रंथातील 'केसील', कित्येक महिने न्याहाळले.

थोरांना जमले नाही ते लहानांनी केले. वाचकहो, येत्या हिवाळ्यात नातवंडांना मृग दाखवा, आणि ही गोष्ट मराठीतूनच सांगा.