ॲडेनियमचे खोड मऊ पडले आहे

प्रश्न : गॅलरीतल्या ॲडेनियमची पाने जुलैपासून पिवळी पडून गळताहेत. खोडही बुडाशी मऊ लागते. खत कमी पडते का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खत अजिबात देऊ नका. हे झाड मूळचे अरबस्तान आणि आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातले. पाणी ते फुगीर बुंध्यात साठवते. आपल्याकडच्या पावसात माती सतत ओली राहिली की मुळे कुजतात आणि कूज खोडात चढते. झाड आजच कुंडीतून काढा. धारदार, स्वच्छ सुरीने आतला गर टणक, बिनडागी दिसेपर्यंत मऊ भाग कापत जा. इथे हात आखडता घेऊ नका, जराशी कूज राहिली तरी पुन्हा पसरते. चीक विषारी असतो, तेव्हा हातमोजे घालाच. कापावर बुरशीनाशक पूड लावा, आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी सुकू द्या. मग जाड रेती, विटांचे तुकडे आणि थोडे कंपोस्ट अशा मिश्रणात लावा. नर्सरीवाले देतात ती नुसती लाल माती नको. कुंडीखालची बशीही काढा. यापुढे माती पूर्ण सुकल्यावरच पाणी.

सगळा बुंधाच गेला असेल, तर निरोगी फांदी कापून लावा. रोप जगेल, मात्र बियांच्या झाडासारखा गुबगुबीत बुंधा त्याला सहसा येत नाही.