दारू सुटली, हात सुटला का?



‘फादर, नशेत हात उचलला,’ असे नवरा सांगतो. पण नशेतही तो मुकादमावर हात उचलत नाही, बायकोवरच उचलतो. म्हणून दारू आणि मारहाण हे आम्ही दोन वेगळे प्रश्न मानतो. दारू सुटली म्हणजे मारणे सुटेलच असे नाही.

अशा जोडप्याला आम्ही आधी एकत्र बसवत नाही. त्याच्यासमोर ती खरे बोलली, तर घरी मार खाईल. पहिली भेट तिची एकटीची.

विवाह संस्कार मार सोसायला बांधत नाही. पत्नीला वा मुलांना गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ११५३ देते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने कोर्टाकडून संरक्षण मिळते. मदतीचा फोन १८१.

भगिनींनो, क्षमा जरूर करा. पण आधी सुरक्षित व्हा.