आधी आईझाड बघ

बाळा, बेण्या-कलमाचा व्यवहार करायचा तर रोप नंतर बघ, आधी आईझाड बघ. बी पेरलं की लेकरू कुणाच्या वळणावर जाईल सांगता येत नाही. फांदीतून, कंदातून वाढवलेलं झाड मात्र हुबेहूब आईचं. तिचा गोडवा उतरतो, तसा तिचा रोगही उतरतो. केळीचा पर्णगुच्छ, उसाची गवताळ वाढ, डाळिंबाचा तेल्या, तिन्ही असेच बेण्या-कलमांवर बसून शेतात शिरतात. तेव्हा फुकट मिळतंय म्हणून कुणाच्याही बांधावरून उचलू नकोस. झाडावर फळं असताना स्वतः त्या बागेत फिरून ये.

उसाचं बेणं दहा-अकरा महिन्यांचं घे, खोडव्याचं नको. पाचट हातानं काढ. कोयत्यानं डोळे दुखावतात. टिपरी ठेवताना डोळे बाजूला राहू देत. एवढं उसाला पुरे.

केळीत भलेभले फसतात ते रुंद पानांच्या मुनव्याला. दिसायला गोजिरवाणा, पण आईच्या कंदाशी त्याचं नीट जुळलेलं नसतं, म्हणून स्वतःचं पोट भरायला बिचारा लवकर पानं पसरतो. तू तलवारीच्या पात्यासारख्या निमुळत्या पानांचा, बुडाशी जाड मुनवा काढ. कंद तासून बघ; आत पोखरलेलं दिसलं तर सरळ टाकून दे.

डाळिंबाची गुटी पावसाळ्यात बांध. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घे, इंचभर साल गोल काढ. माणसं घाई करतात ती इथंच. साल निघाली की बोटाला बुळबुळीत लागतं, ते चाकूच्या पाठीनं खरवडून काढ. राहिलं तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरत असतं. वाट तोडली की ते वरच्या कापाशी साचतं आणि मुळं तिथूनच निघतात. म्हणून संजीवक लावायचं ते वरच्या कडेला, आणि ओलं शेवाळ पिळून त्या कडेवरून चांगलं वर चढव. प्लॅस्टिक पारदर्शकच घे, दोन्ही टोकं घट्ट बांध. महिना-दीड महिन्यात आतून मुळं दिसतील. पांढऱ्या मुळांवर हुरळू नकोस, तांबूस होऊ देत. मग गुटीच्या खाली आधी अर्धाच काप दे, आठवड्यानं पुरती तोड. पिशवीत लावताना निम्मी पानं खुडून टाक, एवढ्याशा मुळांना सगळ्यांची तहान भागवता येत नाही.